मेणात राहिलेलं

"सर, चारुशीला मॅडमचा ब्लॉक तुम्ही घेऊन जाता, की आम्ही टाकून देऊ?" असं फोनवरच्या मुलीनं विचारलं तेव्हा गिरिधर पन्ह्यासाठी कैऱ्या उकडत होता. बायको जाऊन अकरा वर्षं झालेल्या माणसाला सकाळी सकाळी कुणी असं विचारावं! त्याला वाटलं, राँग नंबर असेल. पण मुलगी चिवट होती. "मेणाचा ब्लॉक, सर. ऑपरेशनच्या वेळी मॅडमची गाठ काढली होती ना, त्यातला तुकडा. आमची लॅब धंतोलीतून हलून राहिली, तर दहा वर्षांच्या वरचे सगळे ब्लॉक काढून टाकतोय. तुमचं नाव दिसलं म्हणून म्हटलं, आधी विचारावं. मी रितिका, सर. अकरावीत बायोलॉजीला होती तुमच्याकडे. तुम्ही दातकोरणीनं स्वतःचा गाल आतून खरवडायचे आणि आम्हाला पेशी दाखवायचे, आठवते?" आठवत होतं. सगळं आठवत होतं. "येतो," असं म्हणून त्यानं फोन ठेवला आणि कूलरसमोर जाऊन बसला. आत कैऱ्या फुटून त्यांचा लगदा झाला, पातेलं करपलं, तेव्हा कुठे त्याला वास आला.

आता हे काय त्याला ठाऊक नव्हतं का? चांगलं ठाऊक होतं. शरीरातून काढलेला तुकडा फॉर्मॅलिनमध्ये मुरवतात, मग मेणात बसवतात, मग पापुद्र्याएवढे काप काढून काचेवर घेतात, हे त्यानं उभा जन्म शिकवलं होतं. उरलेलं मेण कपाटात ठेवून देतात, हेही तो सांगायचा, परीक्षेला येत नाही म्हणून पोरं लिहून घ्यायची नाहीत. पण ते मेण म्हणजे चारू, हे एवढ्या वर्षांत एकदाही त्याच्या डोक्यात आलं नाही. मोक्षधाम घाटावर त्यानंच अग्नी दिला होता. अस्थी रामटेकला अंबाळ्याच्या तलावात सोडल्या होत्या. दहावं, तेरावं, वर्षश्राद्ध, थोरल्या बहिणीनं, इंदुताईनं, सांगितलं ते ते सगळं केलं होतं, आणि मनातल्या मनात हसतही होता. आणि हा सगळा वेळ ती धंतोलीत होती. लोखंडी कपाटाच्या एका खणात, न जळलेली, न विरघळलेली. त्याला घाम फुटला. नवतपा चालू होता, मेअखेरचे भाजून काढणारे नऊ दिवस, घाम फुटायला काही कारण लागत नव्हतं, पण हा घाम निराळा होता.

तिला तिथे पोचवलं कोणी? त्यानंच की. महाल भागातल्या त्या लहानशा हॉस्पिटलात ऑपरेशन झालं आणि आतून नर्स आली, तिच्या हातात रुंद तोंडाची बरणी. "पेशंटचे मिस्टर कोण? हे लॅबमध्ये नेऊन द्या." आपल्याकडे असंच असतं, माणूस टेबलावर आणि माणसाचा तुकडा नातेवाइकाच्या हातात. त्यानं बरणी पिशवीत घातली, पिशवी स्कूटरच्या हुकाला अडकवली आणि निघाला. दिवस नेमका तान्ह्या पोळ्याचा. रस्ता मारबतीच्या मिरवणुकीनं तुंबलेला. पिवळ्या मारबतीचा बाईएवढा मोठा पुतळा डोक्यांवरून डुलत येत होता, ढोल वाजत होते, पोट्टे नरड्याच्या शिरा ताणून ओरडत होते, रोगराई घेऊन जा गे मारबत! गिरिधर स्कूटरवर, एक पाय जमिनीवर, आणि दोन्ही पायांच्या मधे ती पिशवी. गर्दीचा रेटा आला की बरणीतलं पाणी हलायचं. त्याला एक क्षण असं वाटलं की ही बरणी त्या मारबतीच्या मांडीवर ठेवावी आणि म्हणावं, ने बाई, एवढंच ने. बायोलॉजीचा मास्तर! शेजारच्या माणसानं त्याला गुलाल लावला आणि विचारलं, "काय भाऊ, दही नेऊन राहिले का?" तो हो म्हणाला.

ते अंडाशय होतं. बरणीला डोळा लावून त्यानं सिग्नलला एकदा पाहिलंही होतं. त्यांची लेक अदिती तिथलीच. अदिती ज्या बीजापासून झाली ते बीज चारू स्वतः आपल्या आईच्या पोटात होती तेव्हापासून तिथे होतं, मुलीच्या जन्माआधीच तिची सगळी बीजं तयार असतात. वर्गात हे सांगितलं की मुली एकदम गप्प व्हायच्या. म्हणजे त्या मेणात आता चारू होती, तिची गाठ होती, आणि अदितीच्या न झालेल्या बहिणीही होत्या. असं काही मनात आलं की तो स्वतःलाच दटावायचा, वाहवत जाऊ नको. पण दटावणारा आणि वाहवत जाणारा एकच असला की दटावण्याला काय अर्थ राहतो?

आणि तिचा तो प्रश्न. शेवटच्या आठवड्यातली दुपार, सलाइन चढत होतं, अदिती खाली औषधं आणायला गेली होती. चारू छताकडे बघत म्हणाली, "अहो, अदितीला तर नाही ना होणार हे?" दुसरा कुठलाही नवरा असता तर म्हणाला असता, छे, काहीतरीच काय बोलतेस. हा म्हणाला, "निम्मं तुझं, निम्मं माझं असतं तिच्यात. तुझ्यातलं ते तिच्यात गेलं असेल, नसेलही. फिफ्टी-फिफ्टी." अगदी फळ्यासमोर उभा असल्यासारखा. खोटं काही बोलला नव्हता. पण चारूनं भिंतीकडे तोंड वळवलं, आणि मग ती जेवढं बोलली ते पाणी दे, पंखा कमी कर, एवढंच. तो प्रश्न मात्र घरात राहिला. दूध उतू जाण्याआधी जसा आवाज होतो ना, तशा आवाजात तो कधीही यायचा. दाढी करताना यायचा. कूलरच्या मोटरमधून यायचा. अदितीच्या लग्नात, अक्षता पडत असताना, कानाजवळ अगदी स्पष्ट आला होता. अहो, अदितीला तर नाही ना? गिरिधरचा भुतांवर विश्वास नव्हता. भूत असतं तर त्याला निदान घरातून घालवता आलं असतं.

दहाव्याला कावळा शिवला नाही. अंबाळ्याच्या घाटावर उन्हात पिंड ठेवला आणि सगळे हात जोडून उभे राहिले. गेलेल्याची इच्छा काय राहिली असेल ते ओळखायचं, तसं वचन मोठ्यानं द्यायचं, की कावळा येतो, अशी रीत. इंदुताई, खाप्याहून आलेली, पुढे होऊन म्हणाली, "चारू, पोट्टीचं लगन आमी करून देऊ वं, तू जीव नको अडकवू." चारूचा भाऊ म्हणाला, घर अदितीच्या नावावर करू. कोणी म्हणालं, गिरिधरच्या जेवणाची सोय लावू. समोरच्या देवळावर चांगले पाच-सहा कावळे बसले होते, पिसं साफ करत होते, एकही हलला नाही. "तू बोल ना गा काही," इंदुताई म्हणाली. त्याला ठाऊक होतं काय बोलायचं ते, पण ते वचन देणं त्याच्या हातात नव्हतं. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला, त्यांनाही पुढचं काम होतं.

लॅबमध्ये खोकी भरणं चाललं होतं. रितिकानं एका छोट्या पाकिटातून ब्लॉक काढून त्याच्या तळहातावर ठेवला. प्लास्टिकची जाळीदार चकती, तिच्यावर नंबर, आणि चकतीवर बसवलेला पांढरट मेणाचा चौकोन, चिक्कीच्या तुकड्याएवढा. मेणाच्या आत एक करडा डाग. "डिकीत नका ठेवू हो सर," ती म्हणाली, "बाहेर सत्तेचाळीस आहे, डिकीत तर भट्टीच असते." त्यानं स्टीलच्या डब्यात बर्फ घालून आणला होता. डबा पिशवीत, पिशवी हुकाला. तीच स्कूटर नव्हती, पण हुक तिथेच होता. सीताबर्डीच्या सिग्नलला वरून मेट्रो गेली आणि त्यानं उगाचच पाय आवळून घेतले.

रविवारी पुण्याहून अदितीचा नेहमीचा फोन आला. काय जेवलात, उन्हात फिरता का, हे झालं, आणि बोलता बोलता त्यानं सहज सांगितलं की असा असा ब्लॉक मिळालाय. मग ती म्हणाली, "बाबा, तुम्हाला सांगणार नव्हते. मी टेस्ट केलीय. जीन्सची. एक बदल सापडलाय माझ्यात. एकच, पण नको त्या जागी. आणि त्याचा अर्थ काय ते कोणालाच सांगता येत नाहीये, आधी कुणात सापडलेलाच नाही तो. डॉक्टर म्हणतात, आईमध्ये तोच होता का एवढं कळलं तर खूप उलगडेल. आईचं काही शिल्लक आहे का विचारत होत्या. मी म्हटलं, काहीच नाही." मग ती घाईघाईनं बोलायला लागली. "आईत असेल तर मी अंडाशयं काढून टाकणार आहे. आता, लगेच. मूल वगैरे सगळं राहू दे. नसेल तर... बाबा, उद्याच कुरिअर करा ना." तो म्हणाला, "हो हो, उद्याच."

उद्या गेला, परवा गेला. ब्लॉक फ्रिजमध्ये लोण्याच्या वाटीशेजारी होता. अदितीचे फोन येत होते आणि गिरिधरकडे कारणं तयार होती. कुरिअरवाला आला नाही, खोकं चांगलं मिळालं नाही, ऊन उतरू दे. अदितीपाशी तो आयुष्यात इतकं खोटं बोलला नव्हता. खरं म्हणजे त्याला भीती वाटत होती. ब्लॉक बोलला आणि हो म्हणाला, तर? अकरा वर्षं फिफ्टी-फिफ्टीवर त्यानं दिवस काढले होते, त्यातली निम्मी बाजू तरी त्याची होती. तो फ्रिज उघडायचा, डबा हातात घ्यायचा, परत ठेवायचा. दुपारी पडल्या पडल्या आपलेच जुने तास त्याला ऐकू यायचे. एका इंग्रजानं बुचाची पातळ चकती काढली आणि भिंगाखाली धरली, त्याला ओळीनं खोल्याच खोल्या दिसल्या. त्यानं त्यांना नाव दिलं, सेल, म्हणजे खोली, तेच आज आपण वापरतो. पण पोरांनो, त्यानं पाहिल्या त्या रिकाम्या खोल्या हं! आत राहणारं केव्हाच मेलेलं होतं, नुसत्या भिंती उरल्या होत्या. आणि मग तो दुसरा, स्विस, तरुण डॉक्टर, जखमी माणसांच्या पट्ट्यांवरचा पू धुऊन धुऊन त्यात काय आहे ते शोधत बसलेला. पेशीच्या पोटातलं ते पांढरं द्रव्य, ज्यात आपलं सगळं साठवलेलं असतं, ते माणसाला पहिल्यांदा सापडलं ते पुवात! पोरं ईऽऽ करायची. चारूही ईऽऽ म्हणाली होती. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात त्यानं तिला कॉलेजच्या प्रयोगशाळेत नेलं होतं, गाल खरवडला, निळा रंग टाकला आणि म्हणाला, बघ, हा मी. तिनं एक डोळा मिटून बराच वेळ पाहिलं. "हे मधलं निळं टिंब काय?" "त्यात सगळं असतं. माझं नाक, माझा राग, माझे पुढचे आजार." ती हसून म्हणाली, "एवढ्याशा टिंबात? काही दिसत तर नाही हो."

इंदुताई आंब्याची पेटी घेऊन आली ती तिसऱ्या की चौथ्या दिवशी. आल्या आल्या तिनं फ्रिज उघडला. "हे काय ठेवलं गा, बर्फीवानी?" त्यानं सांगितलं. फक्त अर्धं सांगितलं. अदितीचं काही बोलला नाही. इंदुताईनं डब्याचं झाकण लावलं, पदरानं हात पुसले आणि मटकन खाली बसली. "अरे बाप्पा! म्हनून कावळा नव्हता शिवला. कसा शिवन? माणूस अर्ध इथं आन् अर्ध तिथं. काहून ठेवून राहिला तू हे घरात, गिरिधर? चाल, उद्याच्या उद्या अंबाळ्याले चाल. मी गुरुजीले फोन करते." आणि गिरिधर, ज्यानं जन्मभर तिच्या उपासतापासांची टिंगल केली, तो चटकन म्हणाला, "चल." हे एवढं सोपं असेल असं त्याला वाटलं नव्हतं. त्याला कसलाही पुरावा नष्ट करायचा नव्हता, तो फक्त बहिणीचं मन मोडत नव्हता. असं त्यानं स्वतःला सांगितलं, आणि स्वतःला ते पटलं नाही हेही त्याच्या लक्षात आलं. तरी सकाळी त्यानं सुरी गरम केली आणि मेणाचा चौकोन प्लास्टिकवरून अलगद सोडवला. तलावात प्लास्टिक टाकायचं नसतं ना! नंबरची चकती त्यानं खिशात ठेवली.

रामटेकच्या एसटीत इंदुताई खिडकीशी बसून डुलक्या घेत होती. मनसर गेलं तेव्हा फोन थरथरला, अदिती. त्यानं तो वाजू दिला. घाटावर गुरुजींनी चार शब्द म्हटले, पिंड ठेवला, देवळावर कावळे होतेच. गिरिधर धोतर सावरत पाण्यात उतरला, गुडघ्यापर्यंत. पाणी वरून कोमट, खाली गार. त्यानं मूठ पाण्याखाली नेली आणि उघडली.

मेण वर आलं. एकदा बुडी मारली आणि वर आलं, हलत हलत त्याच्या पोटरीला लागलं. त्यानं ते हातानं लांब ढकललं. लाट ते घेऊन परत आली. अजून लांब फेकलं, तर थोडा वेळ तिथेच गिरक्या घेऊन ते पुन्हा त्याच्याकडेच यायला निघालं. मेण पाण्यापेक्षा हलकं असतं हे आठवीतल्या पोराला कळतं. त्यालाही ठाऊक होतं, फक्त डोक्यात आलं नव्हतं. आणि तो ते बघत उभा राहिला, आणि पाणी पायऱ्यांवर आपटत होतं त्या आवाजात त्याला स्पष्ट ऐकू आलं, अहो, अदितीला तर नाही ना? "जाऊन नाही राहिली गा ते," वरून इंदुताई हात जोडून म्हणाली. "काही तरी राह्यलं तिचं. काय राह्यलं?"

मग त्यानं सगळं सांगितलं. पाण्यात उभ्या उभ्या, मोठ्यानं, गुरुजींच्या देखत. अदितीची टेस्ट, तो बदल, ऑपरेशन, मूल, रोजचे फोन, रोजची कारणं. इंदुताईचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. "आन् तू तो तुकडा पान्यात टाकून राहिला?" ती ओरडली. "बाप हायेस का कोन हायेस रे तू? मले काहून नाही सांगितलं पहिले? मेलेलीचं मी पाहून घेईन, माह्या देवाले मी समजावीन! जिती पोट्टी तिकडे जीव मुठीत धरून बसली आन् तू इथं पिंड मांडतं? काढ ते! काढ आधी!" तिनं स्वतःच लुगडं वर खोचलं आणि पायऱ्या उतरू लागली. गिरिधरनं दोन्ही हातांची ओंजळ करून मेण उचललं. ते कोरडंच होतं. मेण पाणी आत घेत नाही. तो करडा डाग होता तिथेच होता. त्यानं ते मेण पंच्यात गुंडाळून छातीशी धरलं आणि तिथेच पायरीवर बसून ढसाढसा रडला. पिंडाला कावळा शिवला की नाही, कोणी पाहिलं नाही.

रितिकानं मेणाचा चौकोन चकतीवर पुन्हा नीट बसवून दिला, वर एक अक्षर विचारलं नाही. कुरिअर गेलं. मृग लागला, कूलरच्या गवताच्या ताट्या काढायची वेळ आली, त्या तशाच राहिल्या. अदितीचा फोन आला तेव्हा तो दाढी करत होता, एक गाल झालेला, एक फेसानं भरलेला.

"बाबा, आईत नाहीये ते! आईमध्ये तो बदल नाहीच आहे. ऐकताय ना? डॉक्टर म्हणाल्या, आईच्या आजाराशी याचा काही संबंध नाही, बहुधा निरुपद्रवी आहे, वर्षाला एकदा तपासत राहू. ऑपरेशन नको! बाबा, रडू नका ना, मी पण रडतेय."

"मग तो बदल आला कुठून?" त्यानं विचारलं. मास्तरच तो, जित्याची खोड.

"तुमच्याकडून! आणखी कुठून येणार?" ती रडता रडता हसली. "तुमचं नाक आलं तेवढं पुरे नव्हतं का? हेही दिलंत!"

फोन ठेवून तो आरशासमोर तसाच उभा राहिला. जीभ गालाच्या आतून फिरवली. उभा जन्म त्यानं हा गाल खरवडला होता. वर्गामागून वर्ग रांगेनं आले होते, एक डोळा मिटून त्या निळ्या टिंबात डोकावून गेले होते, रितिका, तिच्या आधीच्या, तिच्या नंतरच्या. ते तिथेच होतं. सगळ्यांनी पाहिलं आणि कोणाला दिसलं नाही. चारूनंही पाहिलं होतं. आणि जाताना ती बाई आपल्यातलं काही लेकीला दिलं की काय या भीतीनं भिंतीकडे तोंड करून पडली होती, तेव्हा तिच्या शेजारी, स्टुलावर, तो बसला होता. निम्मं तुझं, निम्मं माझं, असं म्हणत. आपलं निम्मं त्याच्या मनातही आलं नव्हतं.

"चारू," तो मोठ्यानं म्हणाला. घरात दुसरं कोणी नव्हतं. "अगं, तुझं काही गेलं नाही तिच्यात. नाही होणार तिला तुझं ते. जे आहे ते माझं आहे."

कूलरची मोटर चालू होती. त्यानं कान दिला. दूध उतू जाण्याआधीचा तो आवाज आता येईल, मग येईल. नळ टपटपत होता, खाली गल्लीत भाजीवाला ओरडत गेला. त्यानं कूलर बंद केला. फेस गालावर वाळून कातडी ओढायला लागली तरी तो तसाच उभा होता. कुणी काही विचारलं नाही. या घरात इतकं शांत कधीच नव्हतं, ती गेली त्या दिवशीसुद्धा नव्हतं.

"चारू?" त्यानं हळूच हाक मारली. "एकदा विचार ना गं."